बारा विती

गोल्फ खेळणारी माणसं बॉल मारला की मान वर करून बघतात. ही बाई मान खाली घालून बघायची. फरक काय तो एवढाच, आणि या एवढ्याशा फरकावर तिच्या भावाने अख्खं नाव कमावलं. तिला मात्र क्लबात सगळे काटेवाली म्हणायचे, कारण तिच्या हातात सदा दोन दातांचा एक काटा असायचा. एकवीस वर्षं ती तिथे कामाला होती. एवढ्या वर्षांत कुणी तिचं नाव विचारलं नाही, आणि तीही कुणाला आपणहून सांगायला गेली नाही.

काम सांगायचं तर साधं होतं. झेंडा रोवलेल्या होलभोवती जे अगदी बारीक कापलेलं गवत असतं, त्याला ग्रीन म्हणतात. उंचावरून आलेला बॉल ग्रीनवर धप्पकन पडला की खळगा पडतो. तो तसाच राहिला तर गवत मरतं, आणि मागून येणाऱ्याचा बॉल त्यात अडखळून भलतीकडे जातो. ज्याचा खळगा त्याने बुजवावा, असा नियम क्लबाच्या भिंतीवर चांगला काचेच्या चौकटीत लावलेला आहे. पण नियम चौकटीत आणि माणसं चहाच्या टेबलावर! मग काटेवालीने यायचं, गुडघे टेकायचे, काटा खळग्याच्या कडेला खुपसायचा आणि चारी बाजूंनी गवत आत लोटायचं. वर उचकटायचं नाही. उचकटलं की मुळं तुटतात आणि जागा पिवळी पडते. शेवटी तळव्याने थोपटायचं. तिने बुजवलेला खळगा दुसऱ्या दिवशी खुद्द तिला सापडत नसे. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर खुशाल वाटू द्या.

सकाळी गवत कापायचं मशीन फिरायच्या आत मैदानातल्या अठराही ग्रीनवरून तिची एक फेरी व्हायची. दुपारी तीन ते सहा ती सरावाच्या ग्रीनवर असायची. ते क्लबाच्या व्हरांड्यासमोरच होतं. तिथे लोक ग्रीनच्या काठाबाहेर उभे राहून झेंड्याच्या दिशेने छोटे छोटे फटके मारायचे, आणि एकेक जण आवरून गेला की ही वाकायची. आता रोज जमिनीला नाक लावून बसणाऱ्या माणसाला काय दिसत नाही? कुणाचा खळगा खोल आणि उभा, म्हणजे बॉल नको इतका उंच उडालेला. कुणाचा नुसता बटणाएवढा ओरखडा, म्हणजे बॉल खालून सरपटत गेलेला. कुणी उभा होता तिथे बॉलच्या मागची माती उकरलेली, म्हणजे गडी मागच्या पायावर रेललेला, आधी जमिनीला मारतो आणि मग बॉलला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने उभ्या जन्मात स्टिक हातात धरली नव्हती आणि धरायची हौसही नव्हती. दिसायचं, बस्स.

तिचा थोरला भाऊ तेव्हा त्याच क्लबात कॅडी होता, म्हणजे खेळणाऱ्यांच्या पिशव्या खांद्यावरून वाहायचा. एकदा दातांचे एक डॉक्टर त्याच्यावर उखडले. त्यांचा बॉल दर वेळी ग्रीनवर यायचा आणि झेंडा ओलांडून पार पलीकडे पळायचा. वीस बॉल मारले की वीसही पलीकडे. "तुम्ही लोक नुसती ओझी उचलता, जरा सांगत का नाही काय चुकतंय ते?" असं डॉक्टर म्हणाले आणि पाय आपटत निघून गेले. भावाने गंमत म्हणून बहिणीला विचारलं, "काय गं, तुझं काय म्हणणं?"

"दादा, त्यांना म्हणावं बॉल कुठे थांबला ते बघत बसू नका, कुठे पडला ते बघा," ती मान वर न करता म्हणाली. "सगळे खळगे झेंड्याच्या बुडाशी आहेत. तिथे पडलेला बॉल पळेल नाहीतर काय करील? काठापासून आठ विती आत पाडा. पुढे तो आपला आपण चालत जाईल."

मीटर आणि फूट तिच्या गावीही नव्हते. हात कायम जमिनीवर, म्हणून ती सगळं वितीत मोजायची. आणि आठ विती म्हणजे नेमकं कुठे, हे भावाला कळावं म्हणून तिने बादलीतली चिमूटभर वाळू त्या जागी टाकली. दुसऱ्या दिवशी भावाने डॉक्टरांना त्या वाळूवर बॉल पाडायला लावला. दोन महिन्यांत डॉक्टरांनी क्लबाचा कप जिंकला आणि खूश होऊन भावाची किडकी दाढ काढून नवी फुकट बसवून दिली. हिच्या वाट्याला काही आलं नाही. हिचे दात शाबूत होते ना!

तिथून पुढे ती रीतच पडली. भाऊ संध्याकाळी विचारायचा, ती सांगायची आणि वाळूची चिमूट टाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी भाऊ वाळूकडे स्टिक रोखून ऐटीत म्हणायचा, "कुठे थांबला ते सगळे बघतात साहेब, मी कुठे पडला ते बघतो." साहेब लोक माना डोलवायचे. हळूहळू भावाच्या खांद्यावरची पिशवी गेली, डोक्यावर पांढरी टोपी आली आणि लोक त्याला मास्तर म्हणायला लागले. अशी अकरा वर्षं गेली.

भाऊ वाईट नव्हता हो, तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर हिने एकदाच त्याच्या नावाने कडाकडा बोटं मोडली असती आणि मोकळी झाली असती. लहानपणी ताप चढायचा तेव्हा हाच हिला पाठीवर घेऊन फिरला होता. हिच्या लग्नात सगळ्यांत जास्त हाच रडला होता. माणूस मायाळू होता. फक्त लोकांसमोर उभा राहिला की आपल्याला बहीण आहे हे तो विसरायचा, आणि तेही इतक्या सहज विसरायचा की पाठीमागे काही लबाडी आहे असं म्हणवत नसे.

तिचा नवरा शिंपी होता. घरातच पुढच्या खोलीत मशीन टाकून बसायचा, तोंडात टाचण्या आणि गळ्यात टेप. तोंडातल्या टाचण्या काढून तो एकदा म्हणाला, "मापं तू घ्यायचीस, कपडा त्याने शिवायचा आणि पाटीवरही नाव त्याचंच. छान धंदा आहे."

"भाऊ आहे तो माझा," ती म्हणाली.

"म्हणूनच म्हणतो. परका असता तर मी जाऊन भांडलो असतो." आणि त्याने टाचण्या पुन्हा तोंडात घातल्या.

पुढे तिचे गुडघे गेले. सकाळी पलंगावरून उतरताना भिंतीला धरावं लागायला लागलं. ग्रीनवर एकदा खाली बसली की उठताना आधी एक हात, मग दुसरा, मग एक पाय, अशी हप्त्याहप्त्याने उठायची. हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "आणखी एक वर्ष असेच गुडघे टेकलेत ना बाई, तर उठवायला दोन माणसं लागतील. उभ्याने करायचं काही काम बघा." सांगायला त्यांचं काय जातं! जिला काट्यापलीकडे काही येत नाही, तिला उभ्याचं काम कोण देणार?

आणि नेमकं त्याच वर्षी क्लबाने ठरवलं, की ग्रीनजवळच्या छोट्या खेळाचा रीतसर वर्ग काढायचा. वर्गावर एक मास्तर आणि त्याच्या हाताखाली एक मदतनीस. मदतनिसाने बाजूला उभं राहायचं, कुणाचा बॉल कुठे पडतो ते बघायचं आणि मास्तरला सांगायचं. उभं राहून! तिने ही बातमी ऐकली तेव्हा तिच्या हातातला काटा गवतात तसाच खुपसलेला राहिला. जे काम ती अकरा वर्षं रांगत करत होती, तेच आता उभ्याने, दिवसाउजेडी आणि नावानिशी करायचं होतं. संध्याकाळी भाऊ घरी आला आणि चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच म्हणाला, "मदतनिसाची जागा तुझी. मला मास्तर होऊ दे, मग बाकीचं माझ्यावर सोड."

"नक्की ना दादा?"

"अगं वेडे, तुझ्याशिवाय मला आहे कोण?"

त्या रात्री ती गाढ झोपली. नवऱ्याने मात्र कुशीवर वळता वळता एवढंच विचारलं, की हे तो साहेबांसमोर म्हणाला का. तिने झोपेचं सोंग घेतलं.

क्लबाच्या समितीने भावाची परीक्षा घ्यायची ठरवली. एका सकाळी अध्यक्ष स्वतः फटका मारणार आणि मास्तरने त्यांच्याकडून बॉल झेंड्याला लावून दाखवायचा. पाहुणे येणार होते, म्हणून वरून ताकीद आली, की सरावाचं ग्रीन आरशासारखं लख्ख हवं, वाळूचा कण दिसता कामा नये. झालं! म्हणजे चिमूट टाकता येणार नव्हती. मास्तरने आपल्या हाताने एक पांढरी चकती जमिनीवर ठेवायची आणि साहेबांनी त्या चकतीवर बॉल पाडायचा, असं ठरलं.

त्या दिवशी उजाडताच ती ग्रीनवर गेली आणि दोन्ही हातांनी जमीन चाचपून आली. काठापासून चौदा वितींपर्यंत जमीन सपाट होती. त्यापुढे ती अशी काही पाठ फिरवत होती, की बॉल तिथे पडला तर उतारावरून थेट पलीकडच्या वाळूच्या खड्ड्यात. भाऊ आला तेव्हा इस्त्रीच्या पँटला दव लागू नये म्हणून काठाबाहेरच उभा राहिला.

"बारा विती," तिने सांगितलं. "काठापासून बरोब्बर बारा. चौदाच्या पुढे गेलास तर संपलं."

"बारा."

"नीट मोजशील ना?"

"बारा विती मोजायला आता कॉलेजात जाऊ का?" भाऊ हसला आणि टोपी सारखी करत व्हरांड्याकडे गेला.

नऊ वाजता मंडळी जमली. समितीचे पाच जण, दोन पाहुणे आणि अध्यक्ष. अध्यक्ष उंच आणि मोजकं बोलणारे होते, खेळायलाही बरे. काटेवाली ग्रीनच्या कडेला बादली घेऊन उभी राहिली. भावाने आधी छोटं भाषण केलं. हिचंच वाक्य, कुठे थांबला आणि कुठे पडला, ते त्याने असं काही सांगितलं की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तो चकती घेऊन काठाशी वाकला आणि मोजायला लागला. एक, दोन, तीन.

आणि तिच्या लक्षात आलं. तो आपल्या विती मोजत होता! त्याचा तो फावड्याएवढा पंजा, अंगठा इकडे आणि करंगळी तिकडे, ऐसपैस पसरत चालला होता. तिची वीत केवढी, त्याची केवढी! त्याच्या बारा म्हणजे तिच्या सोळा. अकरा वर्षं वाळू तिने टाकली होती. त्याला वीत मोजायची वेळच कधी आली नव्हती, आणि सांगताना तिच्याही डोक्यात आलं नव्हतं, की दादाचा हात आपला नाही. हाक मारावी तर कशी? एवढ्या साहेबांसमोर काटेवालीने मास्तरला चूक दाखवली तर मास्तर कसला आणि परीक्षा कसली? आठ, नऊ, दहा. दादा, वर बघ रे एकदा, असं ती मनात ओरडत होती. त्याने वर बघितलं नाही. चकती उतारावर ठेवली आणि हात झटकले.

अध्यक्षांनी बॉल मारला. तो नेमका चकतीशेजारी टपकला, पुढे सरकला, वेग घेतला आणि झेंड्याला वळसा घालून पलीकडच्या वाळूत गेला. दुसरा मारला. तोही तिकडेच.

"तुम्ही सांगितलंत तिथेच पाडला," अध्यक्ष म्हणाले. "आता?"

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. तो चकतीपाशी गेला, वाकला आणि गवतावर बोट फिरवत बसला. व्हरांड्यात कुणीतरी खोकलं. मग तो उठला आणि म्हणाला, "साहेब, इथे खळगा नीट बुजवलेला नाही. जागा वर राहिलीय. बॉल त्यावर आपटून उसळतोय."

"कोण बुजवतं हे?"

भावाने टोपी सारखी केली. उत्तर द्यायची गरजही नव्हती. बादली आणि काटा घेऊन तिथे एकच बाई उभी होती, आणि सगळे तिच्याकडे बघत होते.

त्या क्षणी तिच्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगायला वेळ लागेल, यायला काही लागला नाही. सगळ्यांत आधी आला संताप, असा की कानशिलं तापली. एकवीस वर्षांत तिच्या हाताखालचा एकही खळगा वर राहिला नव्हता. तिच्याकडे तेवढी एकच चीज होती आणि भावाने नेमकी तीच साहेबांच्या पायाखाली टाकली. पण संतापाच्या मागोमाग दुसरी गोष्ट आली. मास्तर पडला तर मदतनीस कसला? दादाला आज घरी पाठवलं तर ती उद्यापासून मरेपर्यंत गुडघ्यावर. आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्याचा तो पांढरा पडलेला चेहरा. तो तिला बघवेना.

"माझं चुकलं साहेब," ती म्हणाली. "आत्ता नीट करते."

ती पुढे गेली. सगळ्यांच्या देखत गुडघे टेकले, तेव्हा आतून काहीतरी करकरलं. चकती उचलून बाजूला ठेवली, नसलेल्या खळग्यात काटा खुपसला, धडधाकट गवत चारी बाजूंनी आत लोटलं आणि तळव्याने थोपटलं. मग परत ठेवताना चकती हळूच चार विती अलीकडे ठेवली. आपल्या विती. भाऊ जवळच उभा होता. त्याने ते बघितलं. तिने बघितलं की त्याने बघितलं. मग एक हात, दुसरा हात, एक पाय करत ती उठली. कुणी हात दिला नाही.

अध्यक्षांनी तिसरा बॉल मारला. तो चकतीवर पडला, निवांत चालत गेला आणि होलच्या तोंडाशी थांबला. चौथा तर आतच गेला! पाहुणे उभे राहिले, समिती हसली, अध्यक्षांनी मास्तरच्या पाठीवर थाप मारली. "ओळखलंत बरोबर," ते म्हणाले. "एवढासा उंचवटा, आमच्या तर लक्षातही आला नसता."

"नजर लागते साहेब," मास्तर म्हणाला.

दोन दिवस तिने वाट बघितली. नवऱ्याने तिच्यासाठी निळ्या कापडाचा एक कोट कापायला घेतला होता, उभ्याने काम करणारे घालतात तसा. तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊ आला. हातात पत्र, तोंडभर हसू. तो वर्गाचा मास्तर झाला होता. तिने त्याचं तोंड गोड केलं, नवऱ्याने मशीन थांबवलं. भाऊ बराच वेळ वर्गाचंच बोलत राहिला. शेवटी तिनेच विचारलं, "आणि दुसऱ्या जागेचं?"

भाऊ कप खाली ठेवून म्हणाला, "अगं, मी तुझं नाव काढलं होतं, खोटं नाही सांगत. पण अध्यक्ष म्हणाले, जिला खळगा धड बुजवता येत नाही ती बाई? मग मी काय बोलणार? तूच म्हणालीस ना सगळ्यांसमोर, माझं चुकलं म्हणून."

तिला वाटलं तो थट्टा करतोय. तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. थट्टा नव्हती.

"दादा, मी कुणासाठी म्हणाले ते?"

"ते मला कळतं गं. पण त्यांना कसं सांगू? आणि खरं सांगू का," भाऊ जरा पुढे झुकून समजुतीच्या सुरात म्हणाला, "तो खळगा थोडा वर राहिलाच होता. माझ्या बोटाला लागला ना."

मशीनवर बसलेल्या नवऱ्याने मान वर केली. तिला वाटलं होतं की तो लाजलेला असेल, खोटं बोलल्याबद्दल त्याचं मन त्याला खात असेल, आणि ती त्याला माफही करणार होती. पण याला तर खरंच तसं वाटत होतं. तीन दिवसांत त्याच्या बोटाला खळगा लागला होता.

"दादा, तिथे खळगा नव्हताच," ती म्हणाली. "त्या बाजूला आठवडाभरात एकही बॉल पडलेला नव्हता."

"असेल, असेल," भाऊ उठत म्हणाला, "पण आता ते उकरून काय करायचंय?" आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून, लहानपणी ठेवायचा तसाच, तो निघून गेला.

नवऱ्याने निळं कापड घडी घालून ठेवलं. ती म्हणाली, "त्याची उशीची खोळ करा." त्याने करून दिली.

वर्ग सुरू झाला. मदतनीस म्हणून कुणाची तरी ओळख काढून आलेला एक चांगला उंच माणूस घेतला. तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि बॉल कुठे थांबला ते सांगतो. काटेवाली वर्ग उठायची वाट बघत कडेला बसलेली असते. परवा अध्यक्ष एका नव्या सभासदाला घेऊन तिथून चालले होते. ती ग्रीनच्या मधोमध गुडघ्यांवर होती. अध्यक्ष थांबले, चांगल्या मनानेच थांबले, आणि त्या सभासदाला ऐकू जाईल असं म्हणाले, "जरा नीट बुजवा हं बाई. लक्ष ठेवावं लागतं यांच्यावर, मागे मास्तरच्या नजरेला पडलं म्हणून बरं."

"हो साहेब," ती म्हणाली.